औषधाला ऊन चालत नाही

हे लिहायला मला आठ वर्षं थांबावं लागलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, होत्या तोवर लिहिणं शक्यच नव्हतं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण घरात लिहिलेला कागद दिसला की वाटेनं जाणाऱ्याला थांबवून त्या तो वाचून घ्यायच्या. आणि माझ्या आजारातली एक गोष्ट त्यांच्यापासून लपवायची होती. ज्या गोष्टीनं माझा आजार भडकला, ती त्यांनी मला मायेनं दिली होती. मागच्या चैत्रात त्या गेल्या, म्हणून आता लिहिते.

दुखण्याला ल्युपस म्हणतात. सकाळी सांधे धरतात, संध्याकाळी कणकण येते, केस मुठीनं हातात येतात आणि उन्हात गेलं की तोंड भाजल्यासारखं होतं, अशी कुणी बाई असेल तर तिनं हे वाचावं. तिच्या घरच्यांनी तिच्याआधी वाचावं. औषधांची नावं मी देणार नाही, ती डॉक्टर देतील. डॉक्टर जे सांगत नाहीत तेवढंच लिहिते.

*

आमचं गाव येडशीपासून चार कोसांवर. जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला त्या सुमाराला आमचे हे गावच्या नव्या शाळेवर मास्तर झाले. घरात आम्ही तिघंच. लग्नाला चार वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. त्यामुळं दिवाळीच्या तोंडाला मला दिवस गेले, तेव्हा आत्याबाईंनी गावात कुणाला सांगायचं ठेवलं नाही.

बोटं त्याच सुमाराला धरली. सकाळी उठलं की मूठ वळत नव्हती. भाकरी थापायला बसले आणि पिठावर तळवा टेकवला की पेरापेरातून कळ यायची. लुगड्याची गाठ मारायला वेळ लागायचा. भरलेली कळशी एकदा हातून सुटली आणि चेंबून गेली. चूल पेटवून झाली की मी दमून भिंतीला टेकायची आणि मलाच माझी लाज वाटायची, कारण आमच्याकडं आळशी सुनेला दुसरं नाव नाही.

आत्याबाईंनी माझी बोटं चाचपून पाहिली आणि वात आहे असं सांगितलं. वातावर आमच्या भागात एकच इलाज, तेल आणि ऊन. करडईच्या तेलात लसूण आणि ओवा कढवायचा, ते कोमट तेल अंगाला जिरवायचं आणि उन्हाला बसायचं. आमच्या घराला धाब्याचं माळवद. दिवस वर आला की आत्याबाई मला दंडाला धरून शिडीनं वर न्यायच्या, पोत्यावर बसवायच्या आणि माझ्या मागं बसून तेल लावायच्या. ऊन डोक्यावर येईपर्यंत मला उठू द्यायच्या नाहीत.

"हाडात मुरू दे ऊन," त्या म्हणायच्या. "तुझ्या हाडात मुरलं की पोराच्या बी हाडात मुरंल."

आत्याबाई फटकळ. चार वर्षांत त्यांनी माझं कौतुक एकदाच केलं होतं, तेही माझ्या माघारी. ती बाई आता रोज तासन् तास माझ्या पाठीशी बसून गुडघे, मनगटं, मान चोळत होती, सकाळचं पाणी स्वतः भरत होती आणि खाली येऊन भाकरीही स्वतःच थापत होती. खोटं कशाला बोलू, मला ते सुख वाटायचं. माझी आई मी लहान असताना गेली. मला कुणी असं तेल लावलेलं आठवत नव्हतं. अंगात कणकण असली तरी मी बोलायची नाही आणि सकाळ झाली की आपण होऊन शिडीपाशी जाऊन उभी राहायची.

*

पौष सरता सरता माझ्या तोंडावर लाली उठली. दोन्ही गालांवर आणि मधे नाकावर. आधी वाटलं, उन्हानं रापलं असेल. मग ती जाईना. तिचे कडेनं उठावदार चट्टे झाले, कानाच्या पाळ्यांवर आले, मुंडासं काढल्यावर कपाळ दिसतं तसं माझं कपाळ केस जाऊन उघडं पडायला लागलं. तोंडाला आतून फोड आले आणि तिखट खाणं बंद झालं.

गावानं निदान आमच्या आधी केलं. महारोग. कुणी तोंडावर म्हणालं नाही. आडावर मी गेले की बाया आपापले दोर काढून घ्यायच्या आणि माझं पाणी भरून होईपर्यंत लांब उभ्या राहायच्या, एवढंच. संक्रांतीचं वाण द्यायला आमच्या घरी कुणी आलं नाही. शाळेत ह्यांना एक पालक म्हणाले की मास्तर, पोरांच्या पाटीला हात लावू नका. हे घरी येऊन त्याबद्दल बोलले नाहीत, पण त्या रात्री जेवले नाहीत. मला दुसऱ्याकडून कळलं.

आत्याबाईंनी काय केलं ते सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ताट दारात आणलं, रस्त्याकडं तोंड करून बसल्या, मला समोर बसवलं आणि माझ्या ताटातली, मी तोडलेली भाकरी खाल्ली. येणारा-जाणारा पाहत होता. सगळी भाकरी संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. त्यांनी मलाही दटावून खायला लावलं.

मग त्या मला कळंबला हकीमसाहेबांकडं घेऊन गेल्या. हकीमसाहेब म्हातारे, निजामाच्या काळापासून तिथं बसणारे. त्यांनी माझा पदर बाजूला करवला, बराच वेळ चेहरा पाहिला आणि शिवणाची सुई विस्तवावर धरून गार करून अचानक गालाच्या चट्ट्यात टोचली. मी केवढ्यांदा तरी ओरडले. माझ्या ओरडण्यावर आत्याबाईंना इतकं खूश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, कारण हकीमसाहेब लगेच म्हणाले होते, "बाई, ह्यो महारोग न्हाय. महारोगाच्या डागाला सुई कळत न्हाय. हिला तर लई कळतंय."

पण काय आहे ते आपल्याला ओळखता येत नाही, असंही त्यांनी सरळ सांगितलं. हे माझ्या हातचं नाही, मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्या. असं सांगणारा माणूस विरळा. आत्याबाईंनी त्यांच्याकडून महारोग नसल्याचा कागद लिहून घेतला. तो उर्दूत. गावात उर्दू वाचणारे म्हातारे पटवारी एकटेच उरले होते, त्यांना घरातून काढून त्यांनी तो कागद आडावर मोठ्यानं वाचायला लावला.

मिरज लांब. एवढ्या लांब पोटुशी बाईनं जायचं नाही, बाळंतपण होऊ दे मग जाऊ, असं घरात ठरलं. तोवर तेल आणि ऊन चालू.

*

फाल्गुनात माझे पाय सुजले. श्वास घेतला की बरगडीत सुरी फिरल्यासारखं व्हायचं. मग एका सकाळी माळवदावरच पोटात दुखायला लागलं आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. पाचवा महिना संपत आला होता. सुईण म्हणाली, मुलगा होता. तिनं ते सांगायला नको होतं.

आत्याबाई त्याला फडक्यात गुंडाळून स्वतः घेऊन गेल्या. कुठं पुरलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

*

येडशीहून छोटी गाडी थेट मिरजेपर्यंत जायची. दिवसभराचा प्रवास. माझं तोंड पाहून समोरचे लोक उठून गेले आणि मला आडवं व्हायला अख्खा बाक मिळाला. आजाराचा एवढा एक फायदा झाला असं मी ह्यांना म्हणाले. हे हसले नाहीत.

इस्पितळातले पहिले दिवस मला नीट आठवत नाहीत. पहाटे काचेची नळी जिभेखाली, मग रक्त, मग लघवीची बाटली, मग अळणी कण्या. माझी खाट पश्चिमेच्या खिडकीपाशी होती. चौथ्या दिवशी डॉक्टर आले आणि खुर्ची ओढून बसले. बाकीच्या खाटांपाशी ते उभ्यानंच बोलायचे, त्यामुळं खुर्ची पाहूनच मी उठून बसले.

ते सावकाश आणि साधं बोलले. रक्तात खूण सापडली आहे. अंगाची राखण करणारी जी ताकद असते ती ह्या आजारात उलटते, घरच्या कुत्र्यानं घरच्यांनाच चावावं तसं. कधी सांध्यांना, कधी कातडीला, कधी आतल्या इंद्रियांना. मुळातून जात नाही, पण निजवता येतो. गोळ्या देऊ. पुन्हा दिवस जाऊ देऊ नका. मग त्यांनी विचारलं, तुम्ही उन्हात फार असता का?

हे म्हणाले, रानात नाही जात ती. मग म्हणाले, तेल लावून उन्हाला बसते. चार महिने रोज.

"कुणी सांगितलं बसायला?"

"माझ्या आईनं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. रागावले नाहीत. ह्या आजाराला ऊन लागलं की तो चेकाळतो, म्हणाले, यापुढं ऊन वर्ज्य. मी विचारलं की माझं मूल उन्हानं गेलं का. ते म्हणाले, आजार उन्हाच्या आधीच सुरू झाला होता, नुसत्या आजारानंही जाऊ शकतं, नक्की कुणीच सांगू शकणार नाही. हे सगळं मी ऐकलं, पण त्या दिवशी माझ्या कानात फक्त ऊन राहिलं.

पुढचे दोन दिवस मी आत्याबाईंचा जितका राग केला तितका आयुष्यात कुणाचा केला नाही. तोंड भिंतीकडं करून पडायची आणि मनात म्हणायची, तुम्ही माझं पोर खाल्लंत. घरी गेल्यावर कोणत्या शब्दांत सांगायचं त्याची जुळवाजुळव करायची. हे मी लिहिते आहे, कारण आजारी माणूस सोशिक असतो असं लोकांना वाटतं. मी नव्हते.

शेजारच्या खाटेवर अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी होती. आजार माझाच, फक्त तिच्या मूत्रपिंडापर्यंत गेलेला. तिची आई पायथ्याशी बसून असायची. भावकीतलं कुणी तरी तिला म्हणालं होतं, तू पोरीला उशिरा आणलीस. तेव्हापासून ती बाई दिसेल त्याला विचारायची, "मी उशिरा आणली का हो?" नर्सला विचारलं, झाडूवालीला विचारलं, मला तर दिवसातनं चारदा. नाही म्हटलं तरी तिचं समाधान होत नव्हतं. तिसऱ्या सकाळी मुलगी गेली. खाट उचलायला माणसं आली, त्यातल्या एकाचा हात धरून तिनं तेच विचारलं.

माझ्या डोळ्यांपुढं माळवद आलं. तेलाची वाटी घेऊन शिडी चढणाऱ्या आत्याबाई आल्या. राग कुठं गेला मला कळलं नाही, नुसती भीती उरली. संध्याकाळी हे आले तेव्हा मी त्यांना तुळजापूरच्या आईची शपथ घातली की घरी हे सांगायचं नाही.

हे लहान मुलासारखे रडले. मग म्हणाले, पण ऊन तर टाळावं लागेल, तिला काय सांगायचं?

मी म्हणाले, "औषधाला ऊन चालत नाही म्हणायचं."

त्या वेळी मला माझा फार अभिमान वाटला.

*

गोळ्यांनी चट्टे विझले आणि चेहरा फुगून गोल झाला. येडशीला आत्याबाई गाडी जुंपवून आल्या होत्या. माझं गोल तोंड पाहून सून धट्टीकट्टी होऊन आली असं त्यांना वाटलं. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती, आता पुन्हा उन्हाला बसवायचं का. ह्यांनी ठरलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी लगेच गाडीतलं घोंगडं उचलून माझ्यावर धरलं आणि चार कोस तसंच धरून आल्या.

पथ्य म्हटलं की आत्याबाई कडक. महिन्याभरात अंगणावर तुराट्यांचं छप्पर झालं. आड, गिरणी, बाजार, मला सगळीकडं दिवस कलल्यावर न्यायचं असा त्यांनी नियम घातला. भर उन्हात बोलावणं आलं की त्याच परस्पर सांगायच्या, तिच्या औषधाला ऊन चालत न्हाय. ते वाक्य गावात इतकं पसरलं की बाया मला थट्टेनं सावलीबाई म्हणायला लागल्या. चालेल, महारोगीपेक्षा बरंच.

आजार निजतो म्हणजे काय ते तेव्हा कळलं. सलग पाच-सहा महिने मी भाकरी थापायची, आणि मग एखाद्या सकाळी मूठ वळायची नाही. त्याच्या आधी आठवडाभर विनाकारण थकवा यायचा, मग तोंडात फोड, मग केस. मी ते ओळखायला शिकले. फोड दिसला की काम टाकून पडायचं आणि कुणाला काय वाटेल ते वाटू द्यायचं. माझ्यासारखीनं हे पहिल्याच वर्षी शिकावं, मला तीन लागली.

ह्यांनी दुसरं लग्न करावं म्हणून भावकीतून निरोप यायचे. आत्याबाईंनी ते दारातूनच परत लावले. त्या तसं का करतात हे मला पडलेलं कोडं मी कधी सोडवायला गेले नाही. माया म्हणून करतात असं धरून चालले.

चौथ्या वर्षी डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या. ऊन मात्र जन्मभर टाळायचं, म्हणाले. घरी येऊन आम्ही गोळ्या सुटल्याचं आनंदानं सांगितलं. आत्याबाई तुरी पाखडत होत्या. त्यांनी विचारलं, "औषध संपलं. म्हंजे उनाचं पथ्य बी संपलं का?"

हे घाईनं म्हणाले, नाही, ते राहू दे, ते तसंच चालू ठेवायचं आहे.

त्यांनी सूप तसंच धरलं आणि ह्यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. बरं म्हणाल्या आणि पुन्हा पाखडायला लागल्या. आम्हाला दोघांनाही त्यात काही दिसलं नाही.

*

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. शेजारची सखूबाई आली होती. तिची लेक बाळंतपणाला आलेली, गुडघे धरले होते तिचे. मी आत पडून होते. सखूबाई विचारत होती की तुम्ही सुनेला लावायचात ते तेल कसं करायचं, आणि उन्हाला किती वेळ बसवायचं.

आत्याबाईंनी तेल कसं करायचं ते सांगितलं. मग म्हणाल्या, "तेल लाव. पन सावलीत लाव. उनाला बसवू नगंस. आदी दवाखान्यात दाखीव."

सखूबाई म्हणाली, "तुमी तर बसवत व्हता."

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्या बसवत व्हते."

सखूबाई गेल्यावर मी बाहेर आले. त्या छपराखाली भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी समोर बसले. विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?

"औषध सुटलं तवापासून," त्या म्हणाल्या. "औषधाला ऊन चालत न्हाय म्हनं. मग औषधच न्हाय तर ऊन कशाला चालत न्हाय? म्या येडी न्हाय, पोरी."

तीन वर्षं. तीन वर्षं त्या हे घेऊन उठत-बसत होत्या, माझ्यासाठी दिवस कलायची वाट पाहत होत्या, भावकीला परत लावत होत्या. मी म्हणाले, तुम्हाला त्रास नको म्हणून आम्ही बोललो नाही.

त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "पोराला ह्या हातानं पुरलं म्या. तुमी बोलला असता तर तुमच्यापाशी रडले तरी असते. तुमी बोलंना, मग म्या कुनापाशी रडावं? मला वाटलं, हिच्या मनात डाग हाय म्हनून ही बोलत न्हाय."

मला तेव्हा कळलं की मी काय केलं होतं. डॉक्टरांनी जे जे सांगितलं होतं ते सगळं माझ्याकडं होतं. आजार उन्हाच्या आधीचा आहे, नुसत्या आजारानंही मूल जातं, नक्की कुणी सांगू शकत नाही. हे मी पहिल्या दिवशी त्यांचे हात धरून सांगितलं असतं, तर त्या रडल्या असत्या, मी रडले असते, आणि दुःख दोघींत वाटलं गेलं असतं. मी फक्त दोष लपवला असं मला वाटत होतं. त्याच्याबरोबर क्षमाही लपवली होती.

मी सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या शब्दांत. इस्पितळातल्या माझ्या रागाचंही सांगितलं, तो कसा गेला तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, आत्याबाई, तुमचं काही चुकलं नाही.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"आता म्हनतीस व्हय," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या पाच महिने होत्या. मी रोज तेच सांगत होते, तेल लावताना, जेवताना, त्यांचे पाय दाबताना. त्या रोज बरं म्हणायच्या. त्यांचा विश्वास कधीच बसला नाही.